शिवणीचे बांगडे

"ही कसली बाटली?" फौजदाराने विचारले.

"समुद्र हाय जी साहेब," लटारू म्हणाला.

अंगणात उभ्या असलेल्या दोन शिपायांपैकी एकाला हसू आले. फौजदाराला आले नाही. तो पंचविशीचा, साताऱ्याकडचा पोरगा होता. या भागात येऊन त्याला चार महिने झाले होते आणि त्या चार महिन्यांत हसावे असे त्याच्या वाट्याला काही आले नव्हते. त्याने बाटली उन्हात धरली. तळाशी बोटभर वाळू, वर गढूळसर पाणी, आणि बुचावर मेण.

"नीट सांग. काय आहे यात?"

"समुद्रच हाय जी. दादरचा."

खरे बोलायलाही वेळ साधावी लागते, आणि लटारू नागापुरेला ती उभ्या आयुष्यात साधली नव्हती. तो ढिवर, पन्नाशी ओलांडलेला, अंगाने काटकुळा. भीती त्याच्या हाडीमाशी मुरलेली. नाकेदाराची भीती, तलाठ्याची भीती, एसटीच्या कंडक्टरचीही भीती. परक्या माणसाने नुसते "काय रे" म्हटले तरी तो आधी हात जोडायचा आणि मग काय झाले ते विचारायचा. आज तर जीप थेट अंगणात शिरली होती, आणि हात जोडूनही कोणी काही सांगायला तयार नव्हते.

घरातून एकेक वस्तू बाहेर येत होती. पोलादी तारेचे वेटोळे. शिशाच्या वड्या. हाताच्या पंजाएवढे तिकाटी गळ. दोन नळ्या मिसळून करायचा डिंक. मुंबईहून आलेल्या पत्रांचा गठ्ठा. मिठाचे अर्धे रिकामे पोते. सगळे ओळीने जमिनीवर मांडले गेले, आणि मांडल्यावर लटारूला स्वतःलाच ते सामान ओळखू येईना. रोज हाताखाली असायचे तेव्हा ते साधे वाटायचे. आता ते कोणा भलत्याच माणसाचे वाटत होते.

अंगणाच्या मधोमध एक जुनी डोंगी होती, एका खोडात कोरलेली, काठोकाठ पाण्याने भरलेली.

"आणि यात काय?"

"थोबी समुद्रच हाय साहेब," लटारू म्हणाला. "पण थो मी बनवला."

"उलटी करा," फौजदार शिपायांना म्हणाला.

डोंगीच्या तळाशी काही लपवलेले असेल अशी त्याची समजूत होती. पाणी भसकन अंगणभर पसरले, गोठ्यापर्यंत गेले, कोंबड्या पळाल्या. डोंगीच्या तळाशी काही नव्हते. मग शिपायाने वळचणीची पिशवी काढली. तिच्यात चोवीस मासे होते. निळसर हिरवी पाठ, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा, चंदेरी पोट. शिपायाने दचकून हात मागे घेतला, कारण त्याला ते जिवंत वाटले.

लटारूची बायको मनकर्णा इतका वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "वरच्याले बोटं नका लावू बापा. रंग ओला हाय त्याचा."

फौजदाराने तिच्याकडे पाहिले, मग लटारूकडे. "हे पाणी दादरहून तू आणलंस?"

"नाई जी. मी कुठी जातो दादरले."

"मग कोणी आणलं?"

"खुशाल मास्तरानं."

नाव तोंडातून गेल्यावर लटारूच्या लक्षात आले की आपण काय केले. मास्तर सरकारी शाळेतला माणूस, चार पोरींचा बाप. भोयटोल्यात, म्हणजे त्यांच्या वस्तीत, लटारूशी बरोबरीने बोलणारा तो एकटाच. जीपमध्ये मागे बसताना लटारूला पोलिसांची भीती वाटत होती हे खरे, पण त्या भीतीच्या खाली लाज होती आणि ती जास्त टोचत होती.

आता लटारूच्या अंगणात समुद्र कसा आला ते सांगायला हवे, नाही तर वाचणाराही फौजदाराच्याच बाजूचा व्हायचा.

भोयटोला वैनगंगेच्या काठी. तिथले ढिवर जाळे टाकतात, गळ टाकतात, पण लटारूची एक खोड होती. तो शिवणीच्या लाकडाचा बोटभर मासा कोरायचा, त्याला दोर बांधायचा आणि डोंगीमागे ओढत न्यायचा. लाकडी मासा शेपूट हलवत चालायचा आणि डोहातला मोठा मासा त्याच्यावर धावून यायचा. शिवणीचे लाकूड हलके, कोरायला मऊ, पाण्यात फुगत नाही. एकदा नदीवर गळ टाकायला मुंबईचा एक हौशी पारशी आला, फिरोजशेठ. त्याने तो मासा तळहातावर घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला. मग त्याने विचारले, समुद्रातला मासा करशील काय? खोल समुद्रात लाँच नेऊन आम्ही सुरमई धरतो, कुपा धरतो. त्यांना बांगडा आवडतो.

लटारूने समुद्र पाहिलेला नव्हता आणि बांगडाही. शेठने रंगीत फोटो पाठवले. लटारूने ते महिनाभर भिंतीला लावून पाहिले आणि मग हत्यार हातात घेतले.

एका बांगड्याला आठ दिवस लागत, पण एका वेळी पाच-सहा हाताखाली असत. आधी दोन अर्धे कोरायचे, आतून पोकळ. एका अर्ध्यात तोंडापासून शेपटीपर्यंत पोलादी तार बसवायची, म्हणजे मोठ्या माशाने लाकूड फोडले तरी गळ सुटून जात नाही. पोटात शिसे वितळवून ओतायचे, कुठे आणि किती यावरच सगळा खेळ. मग दोन्ही अर्धे चिकटवायचे आणि हनुवटीखाली पत्र्याची जीभ बसवायची. त्या जिभेने पाणी कापले की मासा खाली जातो आणि डावीकडे-उजवीकडे अंग हलवतो. पुढचे काम मनकर्णाचे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी ती बारीक कानशीवर ठेवून नखाने घासायची, की चांदीवर खवले उमटायचे. ती चांदी माशाच्या अंगावर सुरकुती न पडता बसवणे हे काम टोल्यात दुसऱ्या कोणाला जमले नसते. पाठीवरच्या रेघा खारीच्या शेपटीच्या केसांनी. डोळा म्हणजे काळ्या पोतीतला मणी. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे सहा-सात हात. मासा तयार झाला की मनकर्णा तो सुपात ठेवायची आणि शेजारची मांजर सुपाभोवती फिरू लागायची. मांजर फिरली की मासा पास, असे ती म्हणायची.

पहिले चोवीस नग दिवाळीनंतर गेले आणि तसेच्या तसे परत आले. सोबत पत्र. समुद्रात एकही मासा सरळ चालत नाही, सगळे वरच्या वर आडवे पडतात, जीभ पाणी धरत नाही. मी मित्रांसमोर तोंडघशी पडलो. पंधरा जानेवारीच्या आत सुधारून पाठवता आले तर पाठव, नाही तर इथेच थांबू.

लटारूने तेच मासे वैनगंगेत सोडले. चोवीसच्या चोवीस सरळ चालले. आठ दिवस तो नदीवर जाऊन तेच तेच करत राहिला. शेठ आपल्याला लबाड समजत असेल या विचाराने त्याला जेवण जाईना. शेवटी खुशाल मास्तरानेच, जो त्याची पत्रे वाचायचा आणि उत्तरे लिहायचा, कपाळाला हात लावला.

"अरे लटारू, समुद्राचं पाणी खारं रायते ना बापा. खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त तरंगते. तू तोल केला गोड पाण्यात. तुहा मासा तिथी वरच राहून जाते."

जन्मभर नदीच्या पाण्यावर जगलेल्या माणसाला पाण्याचेही वेगवेगळे वजन असते हे सुचणार कसे? टोल्यातल्या सगळ्या ढिवरांना मास्तरने हे समजावून सांगितले आणि सगळ्यांनी ते ऐकून घेतले. विश्वास एकट्या लटारूने ठेवला, कारण त्याच्या घरी चोवीस मासे परत आलेले होते.

मास्तर दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचा. बल्लारपूरला गाडी धरायची, गर्दीत उभ्याने जायचे आणि यायचे. त्या वर्षी दर्शन झाल्यावर तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्रात शिरला आणि एक बाटली भरून घेतली. "लोक पाहून राह्यले होते माह्याकडं," त्याने नंतर सांगितले. "मनात म्हटलं, बाबासाहेबाले काही वाईट नाई वाटनार. चवदार तळ्याचं पाणी त्यायनंच त पिऊन दाखवलं. हे त मी नुसतं भरून नेऊन राह्यलो."

लटारूने बोरूची एक काडी घेतली, तिच्या बुडाला शिशाचा मणी लावला आणि ती बाटलीतल्या पाण्यात उभी तरंगवली. पाणी जिथे आले तिथे खूण केली. मग जुनी डोंगी अंगणात ओढून आणली, विहिरीच्या पाण्याने भरली आणि काडी तिच्यात सोडून मीठ घालू लागला. मूठ, दोन मुठी, पायली. काडी हळूहळू वर येत गेली आणि खुणेवर थांबली तेव्हा संध्याकाळ झाली होती. लटारूने ते पाणी बोटाने चाखले आणि थुंकले. "एवढ्या पान्यात मासे जगते कसे?" तो मनकर्णाला म्हणाला. मग परत आलेल्या चोवीस माशांच्या पोटाला भोक पाडून त्याने डोंगीत तोल बघत शिसे वाढवले, भोक बुजवले, आणि मनकर्णाने वरून पुन्हा रंग दिला.

मीठ त्याने आठवडी बाजारात गुणवंतरावाच्या दुकानातून आणले होते, एक अख्खे पोते. घरात माणसे दोन आणि मीठ पोतेभर. त्या काळात जंगलात दादा लोक, म्हणजे नक्षलवादी, फिरू लागले होते, त्यांना कोण काय पोचवते यावर सगळ्यांचा डोळा होता. कोणीतरी चौकीत जाऊन सांगितले. कोणी, ते लटारूला कधीच कळले नाही, आणि न कळल्यामुळे पुढे त्याला टोल्यातल्या प्रत्येकाशी बोलताना जीभ आखडायची सवय लागली.

चौकी तीन कोसावर होती. भोवती काटेरी तार, दारात वाळूची पोती. लटारूला व्हरांड्यात उकिडवे बसवले. आत फौजदार पत्रे वाचत होता.

"शिशाचं प्रमाण बघ. तार जाड वापर. पंधराच्या आत माल पाठव," त्याने मोठ्याने वाचले. "मुंबईहून तुला कोण लिहितं हे?"

"शेठ लिहिते जी. मास्यायसाठी."

"तुझ्या नदीत मासे संपले म्हणून मुंबईचा शेठ तुझ्याकडून लाकडाचे मासे घेतो?"

लटारूला याचे उत्तर माहीत होते, पण ते लांबलचक होते, आणि फौजदारापुढे त्याला चार शब्दांच्या पलीकडे जाता येत नव्हते. "होय जी," तो म्हणाला. एकदा त्याने देवराव हवालदाराला बाहेर जाऊ देता का म्हणून विचारले. देवराव इकडचाच, जुना माणूस. तो सोबत गेला आणि परत येताना हळूच म्हणाला, "घाबरू नोको. पन साहेबापुढं समुद्र-समुद्र करू नोको. त्याचं डोकं गरम होऊन राह्यलं."

"मंग काय म्हनू भाऊ?"

देवरावाने त्याला पुन्हा व्हरांड्यात आणून बसवले.

दुपारी खुशाल मास्तर आला. त्याला कोणी आणायला गेले नव्हते. जीप गावात आल्याचे शाळेत कळले तेव्हा त्याने पोरांना सोडले, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि सायकल घेऊन निघाला. चौकीच्या फाटकापाशी त्याने सायकल लावली तेव्हा ती दोनदा पडली. लटारूने ते पाहिले आणि मान खाली घातली.

"साहेब, मी खुशाल रामटेके, शिक्षक," मास्तर म्हणाला. "ते पाणी मी आणलं. दादरहून. पत्रं मी वाचतो, उत्तरं मी लिहितो. जे काय विचारायचं ते मला विचारा."

मग मास्तरने सगळे सांगितले. पाण्याचे वजन, काडी, तोल, सुरमई, सगळे. वर्गात सांगावे तसे सांगितले, फक्त मध्येमध्ये थुंकी गिळत. फौजदार ऐकत होता. त्याला ते पटत होते असे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि पटूनही त्याची भीती जात नव्हती हेही दिसत होते. महिन्यापूर्वीच पलीकडच्या रस्त्यावर पुलाखाली सुरुंग सापडला होता. डब्यात भरलेला, तारा लावलेला. तो त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"मास्तर, माझ्यापुढे तार आहे, शिसं आहे, आतून पोकळ असलेल्या चोवीस वस्तू आहेत," तो शेवटी म्हणाला. "आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी कोणालाच सोडू शकत नाही. फोडाव्या लागतील."

"पाण्यात सोडून पाहा जी," लटारू एकदम उठून म्हणाला. हा त्याचा सगळ्यात धीराचा क्षण. "थे चालते साहेब. एकडाव चालताना पाहा, मंग तुमीच समजून जान."

"पाणी सांडलं तुझं," फौजदार म्हणाला, आणि म्हणताना त्याने दुसरीकडे पाहिले.

एका शिपायाने जळणाची कुऱ्हाड आणली. ती बघितल्यावर लटारूच्या भीतीत आणखी काहीतरी मिसळले. त्याने हात जोडले. "कुऱ्हाडीनं नोका करू साहेब. माह्यी पटाशी द्या. सांधा कुठी हाय थे मले मालूम हाय. मीच उघडतो."

धारदार हत्यार संशयिताच्या हातात द्यावे की नाही यावर थोडा वेळ गेला. शेवटी असे ठरले की लटारूने चौकीच्या मागच्या मोकळ्या मैदानात, एकट्याने, लांब जाऊन उघडावे. बाकीचे वाळूच्या पोत्यांमागे थांबतील.

मैदानाच्या मधोमध लटारू मांडी घालून बसला. एका बाजूला पिशवी, पुढ्यात लाकडाचा ठोकळा. शंभर पावलांवर पोत्यांमागे पाच टोप्या दिसत होत्या आणि त्यांच्या कडेला मास्तरचे उघडे डोके. जानेवारीचे ऊन अंगाला गोड लागावे असे होते. लटारूला घाम फुटला होता.

त्याने पहिला मासा हातात घेतला. हा मासा त्याने कोरला होता, यातले शिसे त्याने ओतले होते, तार त्याने वाकवली होती. पण इतकी माणसे इतक्या लांब लपून बसलेली पाहून त्याला वाटले, आत खरेच काही असेल तर? आपल्याला न कळता कोणी काही भरले असेल तर? आपल्याच हातच्या मासळीची त्याला भीती वाटली. त्याने डोळे मिटले, पटाशीचे तोंड हनुवटीखालच्या सांध्याला लावले आणि ठोकळ्याने एक हलका ठोका दिला. डिंक सोडेना. दुसरा ठोका. चांदी फाटली. मग कर्र आवाज करून मासा दोन झाला.

काही झाले नाही. आत शिसे होते, तार होती, लाकूड होते. लटारूने दोन्ही अर्धे वर धरून पोत्यांच्या दिशेने दाखवले.

"दुसरा," फौजदाराचा आवाज आला.

दुसरा उघडला. तिसरा उघडला. डिंक चांगल्या प्रतीचा होता, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी लाकडाचे तूस निघत होते, पाठीवरच्या रेघा तुटत होत्या. पुन्हा चिकटवून तोल साधणार नाही हे लटारूला पहिल्या माशालाच कळले होते. तरीही तो प्रत्येक सांध्यावर पटाशी अगदी नीट लावत होता. कुऱ्हाडीने काम दोन मिनिटांत झाले असते.

सातव्या माशाला दोन टोप्या पोत्यांच्या बाहेर आल्या. अकराव्याला देवराव चालत आला आणि शेजारी बसला. पंधराव्याला शिपाई भोवती उभे राहून चहा पीत होते. एकाने न फोडलेला मासा उचलला, उन्हात फिरवला आणि म्हणाला, "आयला, खवले तर बघ याचे." दुसऱ्याने लटारूला विचारले की एखादा फोडायचा राहू दिला तर पोरीला खेळायला नेता येईल काय. सगळ्यांची भीती एकेक मासा उघडेल तशी उतरत गेली होती. लटारूची उतरली नाही. चोविसावा उघडेपर्यंत प्रत्येक ठोक्याला तो डोळे मिटत होता.

"सगळे?" फौजदार जवळ येऊन म्हणाला.

"सगळे जी."

फौजदार खाली बसला. त्याने एक अर्धा तुकडा उचलला, आतली तार बोटाने चाचपली, बाहेरचा काळा डोळा पाहिला. "चांगलं काम आहे," तो म्हणाला. मग उठून म्हणाला, "सामान घेऊन जा घरी. मीठ एवढं एकदम आणत जाऊ नकोस."

परतताना मास्तरने सायकल हातात धरली आणि दोघे पायी निघाले. अर्धा कोस चालल्यावर लटारू रडायला लागला. मास्तरला वाटले माशांसाठी.

"मी तुमचं नाव घेतलं जी," लटारू म्हणाला. "त्यानं इचारलं आन् मी सांगून देल्लं. मारलं नाई, काई नाई. उगाच सांगून देल्लं."

"मंग आनलं कोन होतं? मीच ना?" मास्तर म्हणाला. "अन् तुले काय वाटते, मी हिमतीनं आलो? फाटकापाशी सायकल लावता येत नव्हती मले." तो हसायचा प्रयत्न करत होता. "बायकोले सांगून आलो, संध्याकाळपर्यंत नाई आलो त भावाकडं निरोप धाड. चाल आता."

घरी मनकर्णाने पिशवी ओतली. अठ्ठेचाळीस तुकडे. तिने ते निवडून चोवीस जोड्या लावल्या, प्रत्येकाचा जोडीदार बरोबर शोधला आणि पाटीत भरून ठेवल्या. "यायले जाळाचं नाई," एवढेच ती म्हणाली.

पंधरा जानेवारी गेली. मास्तरने शेठला लिहिले की कारागीर आजारी होता. बाकीचे पत्रात लिहिण्यासारखे नव्हते. शेठ थांबला. लटारूने त्याच खुणेच्या काडीने डोंगीत पुन्हा समुद्र केला, मीठ या वेळी टोल्यातल्या दहा घरांतून दोन-दोन किलो मागून आणले, आणि होळीच्या सुमाराला बारा बांगडे गेले. महिन्याने उत्तर आले. सगळे सरळ चालतात. एका सुरमईने एकाला असा दणका दिला की लाकूड फुटले, पण तार सुटली नाही. आणखी पाठव. मास्तरने ते पत्र तीनदा वाचून दाखवले. मनकर्णा खूश झाली. लटारूही झाला असावा, पण त्याने विचारले ते वेगळेच. "लाकूड फुटलं, त आतलं शिसं पाह्यलं असन ना त्यायनं? काई बोलले त नाई?"

त्या बारा बांगड्यांच्या वेळेपासून त्याच्या कामात एक पायरी वाढली होती. कोरणे, तार बसवणे, शिसे ओतणे, आणि मग दोन्ही अर्धे चिकटवण्याआधी फडक्यात गुंडाळून तीन कोस चालत चौकीवर जाणे. पोटे उघडी असतानाच दाखवून यायचे, मग डिंक लावायचा.

पहिल्यांदा गेला तेव्हा तोच फौजदार होता. त्याने फडक्यातले चोवीस तुकडे पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. "अरे, याची गरज नाही," तो म्हणाला. "मी सांगतो ना, गरज नाही."

"असू द्या जी," लटारू म्हणाला. "पाहून घ्या."

फौजदाराने पाहून घेतले. पुढे त्याची बदली झाली. देवराव निवृत्त झाला. नवे लोक आले, त्यांना हे काय प्रकरण आहे ते ठाऊक नव्हते. लटारू मात्र महिन्यातून एकदा जायचाच.

"कोनी बलावते काय तुले?" मनकर्णा चिडून विचारायची.

"नाई बलावत. म्हनून त जातो. बलावल्यावर जानं बरं नसते."

मास्तरनेही समजावून पाहिले. कायद्यात असे काही नाही, उलट सारखा सारखा गेलास तर त्यांनाच संशय येईल. लटारूने ऐकून घेतले आणि म्हणाला, "कायद्यात नसन जी. पन दाखवून आलो का मंग डिंक लावताना हात हालत नाई."

काही वर्षांनी, एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात, चौकीवर एक नवा हवालदार आला होता. दुपारची वेळ, व्हरांड्यात तो पेपर वाचत होता. लटारूने पायरीखाली चपला काढल्या, खाली बसून फडके सोडले आणि एका बांगड्याचे दोन्ही अर्धे दोन तळहातांवर घेऊन उभा राहिला. ऊन आत पडावे म्हणून हात जरा तिरपे केले.

"काय आणलंस?"

"मासे हाय जी. अजून चिकटवले नाई. पोटं पाहून घ्या."

"कशाला? कोणी सांगितलं?"

"कोनी नाई जी."

"मग जा की."

लटारू गेला नाही. हातही खाली केले नाहीत. हवालदाराने पेपरचे पान उलटले, थोड्या वेळाने वर पाहिले, तरी तो तसाच उभा होता. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

हवालदार उठला. पायऱ्या उतरून आला, वाकला आणि दोन्ही पोटांत पाहिले. तार होती, शिसे होते.

"बघितलं," तो म्हणाला.

"बाकीचे?"

हवालदाराने त्याच्याकडे पाहिले आणि तो फडक्यापाशी उकिडवा बसला. लटारू एकेक जोडी उचलून देत गेला आणि तो एकेक पाहत गेला. अकरा होत्या. शेवटची पाहून झाल्यावर लटारूने प्रत्येकीचे दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवून सुताने बांधले, फडक्याला गाठ मारली आणि चपला घातल्या.